एक फोन, अडतीस मुलं : वर्गात खरोखर चाललेली ऑनलाइन साधनं सांगा

कोयनाकाठ | २ ऑगस्ट, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

मी पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते चौथी, पट अडतीस. पहिली आणि तिसरी माझ्याकडे, दुसरी-चौथी बाईंकडे. लोकवर्गणीतून घेतलेला एक टीव्ही आहे आणि माझा फोन. वर्गात पूर्वेच्या खिडकीशी उभं राहिलं की रेंजच्या दोन कांड्या येतात, फळ्याशी एकही नाही. पावसात वीज गेली की दिवसभर पत्ता नसतो.

आमच्या ग्रुपवर दर आठवड्याला 'शिक्षकांसाठी शंभर उपयुक्त वेबसाइट' अशी एखादी यादी येते. मी त्या जपून ठेवतो आणि रविवारी बसून एकेक उघडून बघतो. बहुतेक ठिकाणी पहिलीच अट असते की प्रत्येक मुलापुढे संगणक नाहीतर टॅब हवा. तिथेच आमचं गाडं अडतं. म्हणून हा धागा काढतोय. स्वतःच्या वर्गात, स्वतःच्या मुलांबरोबर निदान चार-दोन वेळा वापरलेलं साधन सांगा आणि कसं वापरलं तेही सांगा. नुसती नावं नकोत.

सुरुवात मी करतो. मला सगळ्यात उपयोगी पडलेलं म्हणजे प्लिकर्स. यात मुलांच्या हातात फक्त कागदाचं एक कार्ड असतं. त्यावर काळ्या चौकोनांची आकृती, प्रत्येक कार्डाची वेगळी. चार कडांना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड मुलाने धरायचं. मी खिडकीशी उभा राहून फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो, की कोणत्या क्रमांकाने काय उत्तर दिलं ते फोनवर उमटतं. अक्षरं इतकी बारीक असतात की शेजारच्याला दिसत नाहीत. आकृती प्रत्येकाची निराळी, त्यामुळे दुसऱ्याने कार्ड कसं धरलंय ते बघून तसंच धरण्यातही अर्थ नसतो. कार्डं त्यांच्या साइटवरून फुकट उतरवता येतात, एकदा छापली की वर्षभर पुरतात.

तिसरीत एक मुलगी आहे, कधी हात वर करत नाही. विचारलं की पायाच्या अंगठ्याकडे बघते. बाकीचे 'सर मी, सर मी' करत असतात, त्यात तिचं उत्तर मला कधी कळलंच नाही. पहिल्यांदा कार्डं वाटली तेव्हा तिने आपलं कार्ड दोन्ही हातांनी छातीशी धरलं, वरच्या कडेवर हनुवटी टेकवून. पाचपैकी पाच बरोबर. मी जूनपासून तिला कच्ची समजत होतो, दुपारच्या जादा तासाला बसवत होतो. त्या दिवशी घरी जाताना घाटात गाडी थांबवून थोडा वेळ नुसता बसलो.

काल तिसरीला हातच्याची वजाबाकी विचारली. ५२ − २७. पर्याय दिले २५, ३५, ७९ आणि १५. अकरांपैकी सहा जणांनी ३५ धरलं. म्हणजे दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले. आता सोमवारी त्या सहा जणांना 'वरच्यातूनच खालचा काढायचा' हे पुन्हा शिकवणार आहे.

दुसरं साधन दीक्षा, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड फोनने वाचला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. केंद्राने २०१७ साली ते सुरू केलं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड ही कल्पना आपल्याच एका जिल्हा परिषद शाळेत, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत, रणजितसिंह डिसले सरांनी आधी राबवली. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली. मी दीक्षावरचं साहित्य घरी रात्री डाउनलोड करून ठेवतो, शाळेत नेट लागत नाही.

आता तुम्ही सांगा.

सांजवात | २ ऑगस्ट, रात्री ९:५०

वाचनखूण साठवली. सर, त्या मुलीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

भिंगरी | २ ऑगस्ट, रात्री १०:०५

प्लिकर्सची कार्डं लॅमिनेट केली तर चालतात का? आमच्याकडे कागद दोन दिवसांत चुरगळतो.

कोयनाकाठ | २ ऑगस्ट, रात्री १०:२०

चमकदार लॅमिनेशन करू नका, खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. मी जाड कागदावर छापून मागे जुन्या वह्यांचे पुठ्ठे चिकटवले. आणि मुलांना एकच सवय लावा, कार्ड कडेला धरायचं. बोट काळ्या आकृतीवर आलं की त्या मुलाचं उत्तर उमटत नाही. मग ते मूल रडकुंडीला येतं की माझं सरांनी घेतलं नाही.

विज्ञानवेडी | ३ ऑगस्ट, सकाळी ६:४०

मी अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, सहावी ते दहावी. माझं साधन फेट. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली कार्ल वीमन यांनी हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. पदार्थविज्ञान, रसायन, गणित, सगळ्याची हलती-चालती सिम्युलेशन्स आहेत, फुकट आहेत, आणि बरीचशी मराठीत भाषांतरित झालेली आहेत. एकेक सिम्युलेशन उतरवून पेनड्राइव्हवर ठेवलं की नेट नसतानाही ब्राउझरमध्ये उघडतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर मी असंच चालवते.

सातवीला विद्युत परिपथ. सिम्युलेशनमध्ये सेल, तारा आणि बल्ब ओढून जोडायचे. परिपथ पूर्ण झाला की तारेतून निळे ठिपके सरकायला लागतात, ते इलेक्ट्रॉन. मागच्या वर्षी एका मुलाने विचारलं, "मॅडम, हे ठिपके तर गोगलगायीसारखे चाललेत. मग आमच्या घरी बटण दाबल्याबरोबर दिवा कसा लागतो?" हा प्रश्न पुस्तकातल्या स्थिर आकृतीवरून कधीच आला नसता. मी उत्तर न देता त्यालाच पुन्हा बटण दाबायला लावलं आणि म्हटलं, बल्बाजवळच्या ठिपक्याकडे बघ. त्याने पाहिलं आणि ओरडला, "सगळे एकदम हलतात!" तार आधीपासूनच इलेक्ट्रॉननी भरलेली असते. बटणापासून निघालेला इलेक्ट्रॉन बल्बापर्यंत पोचायची वाट बघावी लागत नाही. मी हे सोळा वर्षं तोंडाने सांगत आले होते.

एक काळजी मात्र घेते. आधी खरा सेल, खरा टॉर्चचा बल्ब आणि तार मुलांच्या हातात देते. निम्मी मुलं तार बल्बाच्या फक्त बुडाला लावतात आणि दिवा लागत नाही म्हणून माझ्याकडे बघतात. बल्बाला दोन टोकं असतात, एक बुडाला आणि एक बाजूच्या धातूला, हे बोटांनीच कळावं लागतं. पडद्यावर जोडणी आपोआप चिकटते, तिथे ही धडपड होत नाही. पडद्यावर मी नंतर नेते, जे डोळ्यांना दिसत नाही ते दाखवायला.

पाटीपेन्सिल | ३ ऑगस्ट, दुपारी १:१५

कोयनाकाठ सर, धागा फार चांगला. मी गणित शिकवतो आणि शिक्षक प्रशिक्षणाचं कामही करतो. तुमच्या वजाबाकीच्या प्रश्नावर थांबलो, कारण सोमवारी तुम्ही त्या सहा जणांना एकच गोष्ट शिकवणार आहात आणि त्यातल्या काहींना ती लागू नसण्याची शक्यता आहे.

५२ − २७ मध्ये ३५ हे उत्तर दोन वाटांनी येतं. एक तुम्ही म्हणता ती, सातातून दोन काढले, पाचातून दोन काढले, ३५. दुसरी वाट अशी की मुलाने दशक बरोबर सुटा केला, बारातून सात काढून पाच लिहिले, पण पाच दशकांतला एक दिलाय हे विसरलं. पाचातून दोन, तीन. पुन्हा ३५. पहिल्या मुलाला दशक सुटा करणंच कळलेलं नाही. दुसऱ्याला ते कळलंय, फक्त शेजारच्या घरातला हिशेब करायचा राहिलाय. दोघांचं औषध वेगळं.

एककाच्या अंकांत पाचाचा फरक आला की असं होतं. म्हणून असा प्रश्न टाळायचा. ५३ − २७ घ्या. बरोबर उत्तर २६. उलटं वजा करणारा ३४ धरेल. दशक द्यायचं विसरणारा ३६ धरेल. चिन्ह न बघणारा बेरीज करून ८० धरेल. चार पर्याय, चार वेगळी मुलं. मग तुम्ही फोन फिरवाल तेव्हा तुम्हाला कोणी चुकलं एवढंच नाही, काय विचार करून चुकलं तेही दिसेल. तुमच्या यादीतलं १५ कुठून येतं ते मला लागलं नाही, कोणी धरलंही नसेल.

गूगल फॉर्मवर चाचणी करणाऱ्यांनाही हेच सांगेन. फॉर्म गुण मोजून देतो, तक्ता काढून देतो, चुकीच्या उत्तराला आपण आधीच लिहून ठेवलेली सूचनाही दाखवतो. पण तो चुकीचा पर्याय विचार करून ठेवलेला नसेल तर तक्त्यातून काही हाती येत नाही.

कोयनाकाठ | ३ ऑगस्ट, दुपारी २:०२

सर, खरंच डोळे उघडले. १५ कोणीच धरलं नव्हतं. सोमवारी ५३ − २७ विचारतो आणि इथे लिहितो.

भिंगरी | ३ ऑगस्ट, दुपारी ४:३०

हल्ली एआयला सांगितलं की प्रश्न तयार करून मिळतात. ते वापरावेत का? पाटीपेन्सिल सर, तुमचं मत?

पाटीपेन्सिल | ३ ऑगस्ट, सायंकाळी ६:१०

वापरा, वेळ वाचतो. पण 'दहा प्रश्न दे' एवढंच सांगू नका. प्रत्येक चुकीचा पर्याय मुलाच्या कोणत्या चुकीतून येतो ते शेजारी लिहायला सांगा, आणि मग एकेक चूक स्वतः कागदावर करून बघा की खरंच तेच उत्तर येतं का. न तपासता वर्गात नेऊ नका. मराठी शब्दही बघा. अंश-छेदाच्या ठिकाणी भलताच शब्द येतो आणि मूल गोंधळतं.

अक्षरवेल | ३ ऑगस्ट, रात्री ८:४५

मी पहिली-दुसरीला वाचन शिकवते. माझ्यासाठी सगळ्यात मोठा आधार स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सने २०१५ च्या साक्षरता दिनी, म्हणजे ८ सप्टेंबरला, हे सुरू केलं. चित्रांसकट गोष्टींची पुस्तकं, वाचनाच्या पातळ्या पाडलेल्या, मराठीतही भरपूर. परवाना मोकळा आहे, म्हणजे उतरवायला, छापायला, वाटायला, भाषांतर करून नवं पुस्तक करायलाही परवानगी लागत नाही, फक्त मूळ लेखक-चित्रकाराचं श्रेय द्यायचं. मी पहिल्या पातळीची बारा पुस्तकं काळ्या-पांढऱ्यात छापली, चित्रं मुलांनीच रंगवली. ती आता 'आमची पुस्तकं' झाली आहेत, दोरीला लटकवलेली.

पण मला इथे एक वेगळं दुखणं मांडायचं आहे, फॉन्टचं. आपल्या मराठी 'ल'ला दोन पाकळ्या असतात, 'श'ला देठ असतो. २००९ च्या आणि पुढे २०२२ च्या शासन निर्णयात वर्णांची प्रमाण रूपं ठरवून दिली आहेत. पाठ्यपुस्तकात मूल तेच बघतं. इंटरनेटवरून घेतलेल्या, किंवा कुठल्यातरी साधनावर बनवलेल्या वर्कशीटमध्ये मात्र हिंदी वळणाचा ल आणि श येतो. आपल्याला फरक जाणवतही नाही. पहिलीतल्या मुलाला जाणवतो. माझ्या वर्गातला एक मुलगा 'लसूण' शब्दापाशी अडला. बोट त्या ल वर ठेवून म्हणाला, "बाई, हे अक्षर आपण अजून शिकलो नाही." त्याचं बरोबर होतं.

उपाय सांगते. छापायच्या आधी 'लसूण, शहाळं' असे दोन शब्द टाइप करून बघायचे. काही फॉन्टमध्ये मराठी रूपं आत दडलेली असतात, मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की ती बाहेर येतात. लिब्रे ऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे करता येतं. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हे फॉन्ट मोफत आहेत, तेही वापरून बघा. मोठ्या वर्गांसाठी मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू छान दिसतात, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. पण पहिलीसाठी ती दोन शब्दांची परीक्षा प्रत्येक फॉन्टची घ्याच.

माळरान | ३ ऑगस्ट, रात्री ९:३०

अक्षरवेल ताई, अगदी मनातलं. मीही फॉन्टनेच गांजलोय, पण निराळ्या कारणाने. आमच्याकडे सराव प्रश्नपत्रिका येते ती जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. फोनवर उघडली की सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त दिसायला देवनागरी. ज्या यंत्रात तो फॉन्ट नाही तिथे बुरखा गळून पडतो. युनिकोडमध्ये अक्षर स्वतः 'क' म्हणूनच साठवलं जातं, मग कुठेही उघडा.

यावर मी करतो ते असं. जुनी छापील प्रश्नपत्रिका असेल तर फोनने स्वच्छ फोटो काढतो, गूगल ड्राइव्हवर चढवतो आणि तिथून गूगल डॉक्समध्ये उघडतो. फोटोतला मराठी मजकूर खाली टाइप होऊन येतो. जोडाक्षरं आणि रफार तपासावे लागतात, पण दीड तासाचं काम वीस मिनिटांत होतं. नवा मजकूर असेल तर फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलतो. संगणकावर मात्र इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड शिकून घ्या, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. रोज अर्धा तास दिला तर पंधरा दिवसांत हात बसतो.

आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल माहीत आहेत का? लिब्रे ऑफिससारखी मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे व्हिडिओ, मराठी आवाजात. अर्ध्या खिडकीत व्हिडिओ, अर्ध्या खिडकीत आपण करून बघायचं. माझ्या वयाच्या शिक्षकाला कुणाला विचारायचा संकोच वाटतो, त्यांना तर फारच उपयोगी.

दूरदेशी | ४ ऑगस्ट, पहाटे ४:५५

न्यू जर्सीत आमची रविवारची मराठी शाळा भरते, मी तिथे शिकवते. आमची अडचण उलटी आहे. प्रत्येक मुलाकडे टॅब आहे, पण आठवड्यात मराठीचे दीड तास. मुलं आजीशी मराठी बोलतात, पण वाचायला दिलं की थबकतात.

आम्हाला 'किशोर'ने तारलं. बालभारतीने १९७१ पासून चालवलेल्या या मासिकाचे जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट वाचता येतात. मी माझ्या लहानपणीचा एक अंक शोधून मुलांना दाखवला, त्यातलं शब्दकोडं टॅबवर मोठं करून सगळ्यांनी मिळून सोडवलं. 'पाटा' हा शब्द अडला तेव्हा तिघांनी तिथल्या तिथे आजीला व्हिडिओ कॉल लावला. एकीच्या आजीने कोल्हापुरातून स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटा दाखवला आणि वाटण वाटूनही दाखवलं. तो रविवार कोड्यावरच संपला, ठरवलेला धडा राहून गेला, मला त्याचं काही वाटलं नाही.

घरच्या सरावासाठी गूगलचं रीड अलाँग देते. २०१९ मध्ये भारतात 'बोलो' या नावाने ते आलं, पुढे नाव बदललं. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं आणि अडलेला शब्द म्हणून दाखवतं. मराठी गोष्टी आहेत, एकदा उतरवल्या की नेटशिवाय वाचता येतात.

अक्षरवेल | ४ ऑगस्ट, सकाळी ७:३०

दूरदेशी ताई, पाटा-वरवंट्याची गोष्ट वर्गात सांगणार आहे. वाचन ऐकणाऱ्या ॲप्सबद्दल एकच भर घालते. ण आणि न, ळ आणि ल यांचा उच्चार घराघरांत, गावागावांत निराळा असतो. यंत्राने चूक दाखवली म्हणून मुलाला चूक ठरवू नये. मी आठवड्यातून एकदा प्रत्येकाला मांडीशी घेऊन एक पान स्वतः ऐकते. ते ॲपवर सोपवत नाही.

उंबरठा | ४ ऑगस्ट, सकाळी ११:२०

सगळ्यांचं वाचून आनंद झाला, पण दोन गोष्टी बजावून सांगते, कारण मी पोळले आहे.

चार वर्षं मी एका संकेतस्थळावर प्रश्नसंच करत होते. नाव घेत नाही. पाचवी ते आठवी, इतिहास आणि भूगोल, चारशेच्या वर प्रश्न, नकाशे, चित्रं. एके दिवशी त्यांनी मोफत खात्याचे नियम बदलले आणि माझे जुने संच कुलूपबंद झाले. सूचनेचा मेल इंग्रजीत आला होता, मी तो जाहिरात समजून सोडून दिला. मार्चचा महिना, उजळणीचे दिवस. मी पुन्हा पहिल्यापासून टाइप करत बसले.

मोठ्या कंपन्यांच्या सेवाही कायमच्या नसतात. एडमोडो हे ऑनलाइन वर्गाचं साधन २०२२ च्या सप्टेंबरमध्ये बंद झालं. गूगलचा ऑनलाइन फळा, जॅमबोर्ड, २०२४ संपताना बंद झाला. म्हणून आता माझा प्रत्येक प्रश्न आधी माझ्या स्वतःच्या साध्या तक्त्यात जातो. प्रश्न, चार पर्याय, उत्तर, आणि पाटीपेन्सिल सर म्हणतात तसा 'हा पर्याय कोणत्या चुकीचा' असा एक रकाना. तिथून मग हव्या त्या साधनात. साधन बदललं तरी माझा तक्ता माझ्याकडे राहतो. तक्त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक मुलीच्या संगणकावर.

दुसरी गोष्ट मुलांच्या माहितीची. कुठल्याही साधनात मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पालकांचा नंबर, फोटो भरू नका. हजेरी क्रमांक पुरतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते असं म्हटलंय. कायदा बाजूला ठेवला तरी, आठ वर्षांच्या पोरीला वजाबाकी येत नाही ही गोष्ट तिच्या नावानिशी परक्याच्या संगणकावर कशाला जायला हवी?

कोयनाकाठ | ४ ऑगस्ट, दुपारी १२:४०

उंबरठा ताई, मी प्लिकर्समध्ये नावं भरली होती. आत्ता जेवणाच्या सुट्टीत सगळी काढून नुसते क्रमांक ठेवले.

जुनीशाळा | ४ ऑगस्ट, दुपारी ३:३०

मी सेवानिवृत्त मुख्याध्यापिका. एकतीस वर्षं खडू-फळ्यावर काढली. ऑनलाइन साधनांवरच्या धाग्यात माझं काय काम, असं वाटून दोन दिवस नुसतं वाचत होते. विज्ञानवेडीने आधी खरा बल्ब हातात द्यायचा म्हटलं, म्हणून लिहावंसं वाटलं.

मला इंटरनेटचं महत्त्व पटलं ते अरविंद गुप्तांच्या साइटमुळे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. साइटवर खेळण्यांचे फोटो, कृती, छोटे व्हिडिओ आणि हजारो पुस्तकं आहेत, मराठी पुस्तकंही कितीतरी, सगळी मोफत. माझ्या शाळेत तेव्हा नेट नव्हतं. मी तालुक्याच्या गावी जाऊन कृती छापून आणायचे. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, एवढ्यावर चौथीच्या मुलांनी त्रिकोण, चौकोन, घन उभे केले. चौकोन बोटाने ढकलला की तिरका होतो, त्रिकोण काही केल्या हलत नाही. मुलं धावत बाहेर जाऊन शाळेच्या पत्र्याखालची कैची, म्हणजे छताचा सांगाडा, बघून आली, कुठे कुठे त्रिकोण आहेत ते मोजत.

म्हणून म्हणते, पडदा एकदा बघायचा आणि मिटायचा. पुढचा तास हातांचा.

नदीपल्याड | ४ ऑगस्ट, रात्री ८:१५

जुनीशाळा मॅडम, तुम्ही लिहीत राहा.

आमची पेडण्याजवळची मराठी प्राथमिक शाळा, गोव्यात. वर्गात मराठी, घरी आणि मैदानावर कोकणी. स्टोरीवीव्हरवर कोकणी गोष्टीही आहेत. मी एकच गोष्ट दोन्ही भाषांत छापते, चित्रं तीच. आधी कोकणीत वाचून खिदळतात, मग मराठी पान उघडतात, आणि मग अर्थ विचारत नाहीत.

पाणपोई | ४ ऑगस्ट, रात्री ९:००

माध्यमिकवाल्यांसाठी एक. शाळेत संगणक आहेत पण नेट नाही, अशांनी किविक्स बघा. संपूर्ण मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवता येतो, पेनड्राइव्हने प्रत्येक संगणकावर टाकायचा, नेटशिवाय शोधता येतो. नेट असेल तर मराठी विश्वकोशही मोफत आहे, नोंदी जाणकारांनी लिहिलेल्या. मुलांना मी एकच विषय दोन्हीकडे वाचायला लावतो आणि फरक शोधायला सांगतो. आमच्या नदीवर दोन्हीकडे मिळून फारच थोडं होतं. आता नववीची मुलं स्वतः विकिपीडियावर भर घालायचं म्हणतायत. त्यासाठी ग्रामपंचायतीतून आणि जलसंपदाच्या अहवालातून आकडे गोळा करणं चाललंय.

कोयनाकाठ | ४ ऑगस्ट, रात्री ९:५०

कबूल केल्याप्रमाणे लिहितो.

आज ५३ − २७ विचारलं. अकरांपैकी चौघांनी २६ धरलं. तिघांनी ३४. चौघांनी ३६. ८० कोणीच नाही.

म्हणजे शुक्रवारी ३५ धरणारे सगळे मला एकाच माळेचे मणी वाटले होते, ते दोन वेगळे गट होते. शिवाय तेव्हा २५ धरणारा एक जण आज ३६ वर गेला. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, शुक्रवारी शेजारच्याने हळूच सांगितलं होतं. कार्डावरून नक्कल होत नाही, तोंडाने होते. उद्यापासून जागा लांब.

३६ वाल्या चौघांना वेगळं बसवलं. बाभळीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधलेले आहेत आमच्याकडे. पाच गठ्ठे आणि तीन सुट्या समोर ठेवल्या. त्यातल्या एकाला एक गठ्ठा सोडायला सांगितलं. त्याने रबर काढलं, दहा काड्या तीन काड्यांत मिसळल्या, तेरातून सात उचलल्या. मग मी म्हटलं, आता गठ्ठे मोज. तो मोजायला गेला, चारवर थांबला, हातातल्या सुट्या रबराकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, पाचवा हा." चौघांनीही पाटीवरचं ३६ स्वतःच पुसलं.

३४ वाल्या तिघांचं अजून व्हायचंय. त्यांना गठ्ठा सोडायचा असतो हेच पटत नाही, "सात मोठा आहे ना मग त्यातूनच जाणार" म्हणतात. त्यांच्यासाठी दुकान मांडायचं म्हणतोय. खिशात दहाच्या पाच नोटा आणि एकेक रुपयाची तीन नाणी, आणि सत्तावीस रुपयांची वही विकत घ्यायची, दुकानदाराकडे परत द्यायला सुटे नाहीत. पाटीपेन्सिल सर, याहून बरं काही सुचत असेल तर आज रात्रीच सांगा, उद्या पहिला तास गणिताचाच आहे.

उंबरठा ताई, तुमच्यासारखा तक्ता सुरू केला. पहिली ओळ ५३ − २७ ची.